कारण आधी, सुटा भाग नंतर

जुन्या गार्डन ट्रॅक्टरमधला, म्हणजे बागेच्या कामाच्या छोट्या ट्रॅक्टरमधला, मोडका भाग हातात आला की काम अर्धं झालं, असं वाटायला लागतं. फसायला होतं ते तिथेच. तुटलेला कनेक्टिंग रॉड, इग्निशनचे जळालेले पॉइंट, गळणारं सील, चाकाला शाफ्टशी अडकवणारी पण कडा गोल झालेली चावी हे सगळे शेवटी मेलेले भाग. दुखणं सुरू झालेलं असतं भलतीकडे आणि बहुतेक वेळा बरंच आधी. कारण तसंच ठेवून नवा भाग बसवला तर तोही त्याच वाटेने जातो, फरक फक्त किती तास टिकला एवढाच. या यंत्रांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: ती म्हातारपणाने मरत नाहीत. अर्धवट दुरुस्तीने मरतात.

हा सगळा वर्ग मुख्यतः अमेरिकेतला, साठ आणि सत्तरच्या दशकांतला. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये कब कॅडेट आणला, जॉन डिअरचा ११० हा १९६३ मध्ये आला. व्हील हॉर्स या कंपनीचं काम त्याआधीपासून इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडमध्ये चालू होतं. बोलेन्स आणि सिंप्लिसिटी या दोन्ही कंपन्या विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टन या एकाच गावच्या. रंग वेगळे, गिअरबॉक्स वेगळे, पण यातल्या कितीतरी ट्रॅक्टरांच्या बॉनेटखाली इंजिन एकाच घराण्यातलं: कोहलरचं के-सिरीज. एक सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, हवेने थंड होणारं, व्हॉल्व्ह बाजूला असणारं साइड व्हॉल्व्ह इंजिन. के-१८१ आठ हॉर्सपॉवरचं, के-२४१ दहाचं, के-३०१ बाराचं, के-३२१ चौदाचं आणि के-३४१ सोळाचं. मॉडेलचा आकडा साधारण घन इंचांच्या दहापट असतो, म्हणजे के-२४१ जवळपास २४ घन इंचांचं, सुमारे ३९० सीसी. हे एक इंजिन नीट समजलं की अर्धे ट्रॅक्टर समजले, म्हणून या लेखातही जास्त जागा त्यालाच.

कुठलाही भाग मागवण्याआधी इंजिनावरच्या पत्र्याची पाटी वाचावी. तिच्यावर मॉडेल, स्पेसिफिकेशन नंबर आणि सिरियल नंबर असे तीन आकडे असतात. नुसतं 'के-३०१' सांगून भागत नाही. त्याच मॉडेलमध्ये क्रँकशाफ्टचं टोक, ऑइल पॅन, कार्ब्युरेटर वेगवेगळे येत, आणि ते ठरतं स्पेसिफिकेशन नंबरावरून. शिवाय पत्रा दुसऱ्या इंजिनावरून काढून लावलेला असू शकतो. त्यामुळे पाटी वाचून झाली तरी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजल्याशिवाय पिस्टन मागवू नये.

किल्ली फिरवण्याआधी

वर्षानुवर्षं शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर समोर आला की बॅटरी लावून किल्ली फिरवायचा मोह होतो. तो आवरावा. आधी स्पार्क प्लग काढावा, सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडावं, रात्रभर राहू द्यावं आणि मग फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावं. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर स्टार्टरने जोर लावायचा नाही. गंजाने धरलेली रिंग जोर लावल्यावर सुटत नाही, तुटते, आणि तुटलेला तुकडा सिलिंडरभर ओरखडा काढत जातो.

साइड व्हॉल्व्ह इंजिनाचा मोठा फायदा इथे कामी येतो. हेडचे बोल्ट काढले की हेड उचलून बाजूला ठेवता येतं आणि सिलिंडर, पिस्टनचं डोकं, दोन्ही व्हॉल्व्ह सगळं एका नजरेत दिसतं. गंज कुठे आहे, किती आहे, बोअर वाचेल की नाही, याचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि अॅसिटोन समप्रमाणात मिसळून पिस्टनच्या कडेने सोडावं आणि वाट पाहावी. अॅसिटोन पटकन पेट घेतं आणि रंगही उतरवतं, एवढं भान ठेवून. कधी कधी पिस्टन मोकळा असतो आणि अडकलेला असतो व्हॉल्व्ह, उघड्या अवस्थेत, गाइडमध्ये गंजून. मग कॉम्प्रेशन शून्य येतं आणि माणूस रिंगा बदलायला निघतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल सोडून लाकडाच्या तुकड्याने हलके ठोके दिले की तो बहुतेक वेळा खाली बसतो.

हेड काढो न काढो, फ्लायव्हीलवरचं पत्र्याचं आवरण मात्र काढायचंच. ते उघडल्यावर काय दिसतं ते पाहण्यासारखं असतं. सिलिंडरच्या पंखांमध्ये वाळकं गवत इतकं घट्ट बसलेलं असतं की बोटाने निघत नाही, ऑइलने भिजून त्याचा काळा पुठ्ठा झालेला. आणि कॉइलच्या बाजूला, जिथे ऊब राहते तिथे, उंदराचं घरटं: कापूस, कागद, वायरीचं कुरतडलेलं आवरण. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही, फ्लायव्हीलच्या पात्यांनी ढकललेली हवा एवढाच आधार. ती वाट बुजली की पहिलं हेड वाकतं, मग हेडचं गॅस्केट जातं. बरेच जण गॅस्केट बदलतात, आवरण परत लावतात आणि पंख तसेच राहतात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच गॅस्केट. लाकडी काडी, तारेचा ब्रश आणि हवेचा झोत यांनी प्रत्येक फट मोकळी करावी. सुरीच्या टोकाने खरवडू नये.

ऑइल कुठे जातं

या इंजिनात ऑइल पंप नाही. हे वाक्य लक्षात ठेवलं तर निम्म्या दुर्घटना टळतात. कनेक्टिंग रॉड अॅल्युमिनियमचा, आणि त्याच्या खालच्या टोकाला एक छोटी जीभ असते, तिला डिपर म्हणतात. क्रँक फिरला की ही जीभ दर फेऱ्याला खालच्या ऑइलमध्ये बुडते, ऑइल उडवते, आणि त्या शिंतोड्यांवर सगळं इंजिन चालतं. रॉडला वेगळी बेअरिंग शेलही नसते. अॅल्युमिनियम सरळ क्रँकपिनवर फिरतं, मधे फक्त ऑइलची फिल्म. ऑइलची पातळी थोडी उतरली किंवा ट्रॅक्टर तीव्र उतारावर आडवा चालवत राहिलं, की जीभ ऑइलपर्यंत पोचत नाही. क्रँकपिनवर अॅल्युमिनियमचा थर चिकटायला लागतो, घर्षण वाढतं, उष्णता वाढते आणि रॉड धरतो. तो तुटला की नुसता तुटून थांबत नाही, ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो.

म्हणून पातळी दर वेळी इंजिन सुरू करण्याआधी पाहायची. ऑइल दर २५ तासांनी बदलायचं, गरम असताना काढायचं म्हणजे गाळही निघतो. गोठणबिंदूच्या वरच्या हवामानात एसएई ३०, थंडीत १०डब्ल्यू-३०. के-२४१ पासून वरच्या इंजिनांना साधारण दोन क्वार्ट, म्हणजे १.९ लिटर लागतं. के-१८१ ला अडीच पाइंट, सुमारे १.२ लिटर. तरी शेवटचा शब्द डिपस्टिकचा, कारण पॅन उथळ किंवा खोल असू शकतो.

आता ज्या बिघाडाने मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं तो सांगतो. डिपस्टिकवर ऑइल कमी नाही, उलट जास्त दिसतं. पाहणारा निश्चिंत होतो. पण काल जेवढं होतं त्यापेक्षा आज ऑइल वाढलं असेल, तर ते आलं कुठून? डिपस्टिक नाकाशी धरावी, पेट्रोलचा वास येईल. यांत्रिक फ्युएल पंप ब्लॉकला लागून बसतो आणि त्यातला पडदा फाटला की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरतं. पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरच्या वर असेल आणि फ्लोटची सुई, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी झडप, नीट बसत नसेल, तरी तेच होतं: रात्रभर पेट्रोल झिरपत सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली. पातळ झालेल्या ऑइलची फिल्म टिकत नाही. रॉड तुटतो, नवा रॉड बसवला जातो, पंप मात्र जुनाच राहतो. चढलेली पातळी दिसली की इंजिन एक मिनिटही चालवू नये. पंपाचा पडदा किंवा सुई-सीट बदलावी, ऑइल बदलावं, थोडं चालवून पुन्हा एकदा बदलावं. टाकीखाली बंद करायचा कॉक नसेल तर बसवून घ्यावा, खर्च नगण्य आहे.

गळणाऱ्या सीलचंही असंच. क्रँकच्या दोन्ही बाजूंनी, गॅस्केटमधून, पॉइंटच्या डबीतून, सगळीकडून एकदमच ऑइल पाझरत असेल तर सगळी सीलं एकाच दिवशी खराब होतील हे संभवत नाही. व्हॉल्व्हच्या खोलीवरच्या झाकणात ब्रीदर असतो, त्यात पातळ पोलादी पट्टीची एक रीड. पिस्टन खाली येताना ती हवा बाहेर सोडते, वर जाताना बंद होते, आणि त्यामुळे क्रँककेसमध्ये कायम थोडी ओढ राहते. यू आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी भरून मोजलं तर निरोगी इंजिनात ती पाच ते दहा इंच पाण्याइतकी येते. रीड वाकलेली असेल, उलटी बसवली असेल किंवा फिल्टर काजळीने बुजला असेल, तर ओढीच्या जागी दाब तयार होतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. ब्रीदर साफ करायला फार वेळ लागत नाही. सील बदलायला इंजिन उतरवावं लागतं. ब्रीदर ठीक असूनही दाब येत असेल तर मग रिंगांकडे वळायचं.

ठिणगी

बॅटरीवर चालणाऱ्या के-सिरीजमध्ये पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, छोट्या झाकणाखाली असतात. कॅमशाफ्टवरून एक बारीक पुशरॉड येऊन त्यांना उघडते. ही रचना मला फार आवडते, कारण फ्लायव्हील न काढता सगळं हाताशी मिळतं. पॉइंट पूर्ण उघडे असताना अंतर ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पण फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, ही सुरुवात आहे, टायमिंग नव्हे. पुशरॉड आणि कॅम झिजलेले असले तर अर्धा मिलिमीटर ठेवूनही ठिणगी चुकीच्या वेळी पडते. फ्लायव्हीलवर 'एस' आणि 'टी' अशा दोन खुणा असतात: 'टी' म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, 'एस' त्याच्या २० अंश आधी. पॉइंटला टेस्ट लॅम्प किंवा मीटर जोडून फ्लायव्हील हाताने हळू फिरवावं आणि 'एस' खिडकीत बरोबर मध्यावर येताच पॉइंट उघडताहेत का ते पाहावं. अंतर वाढवलं की ठिणगी आधी पडते, कमी केलं की उशिरा. ०.०१७ ते ०.०२३ इंच या हद्दीत टायमिंग जुळायला हवं. जुळत नसेल तर झीज आहे, आणि ती शोधावी.

ठिणगीच येत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुधा दोष पॉइंटच्या पृष्ठभागावर असतो: पुशरॉडच्या बाजूने झिरपलेल्या ऑइलचा पातळ थर, किंवा नुसता हवेतला ऑक्साइड. पॉइंटच्या मधून जाड स्वच्छ कागदाची पट्टी ओढावी, ती काळी निघते, स्वच्छ निघेपर्यंत ओढत राहावं. सँडपेपर वापरू नये, त्याचे कण आत राहतात. एका पॉइंटवर टेकडी आणि समोरच्यावर खड्डा दिसत असेल तर कंडेन्सर चुकीचा आहे, पॉइंट बदलताना तोही बदलावा. आणि पॉइंट वारंवार जळत असतील तर कॉइल पाहावी. या इंजिनांना आत पुरेसा रोध असलेली १२ व्होल्टची कॉइल लागते, प्रायमरी तीन ते पाच ओमच्या आसपास. मोटारीची, बाहेर रेझिस्टर लावायची, दीड ओमची कॉइल दिसायला हुबेहूब असते आणि तशीच बसते. पण दुप्पट-तिप्पट करंट पॉइंटमधून जातो. किल्ली चालू ठेवून इंजिन बंद ठेवणंही तितकंच वाईट.

जड फिरणारं इंजिन

किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा फिरून अडतं, कधी उलटा झटका देतं. लगेच बॅटरीवर आळ येतो, मग स्टार्टरवर. दोन्ही नवे आणले तरी तेच. इथे एक लपलेला भाग आहे: कॅमशाफ्टवरचा ऑटोमॅटिक कॉम्प्रेशन रिलीज. सुरू करताना हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, म्हणजे दाब कमी होतो, आणि वेग आला की वजनं बाहेर फेकली जाऊन तो बाजूला होतो. हे उचलणं फार थोडं असतं. एक्झॉस्ट टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्याचं, व्हॉल्व्हपासूनचं अंतर वाजवीपेक्षा जास्त झालं की सगळं उचलणं त्या मोकळ्या जागेतच संपतं आणि व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. म्हणजे स्टार्टरचं दुखणं फीलर गेजने बरं होतं. के-२४१ पासून पुढे टॅपेट फिरवून जुळवता येतात: थंड इंजिनावर इनटेक ०.००८ ते ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०१७ ते ०.०२०.

याच रचनेमुळे स्टार्टरने फिरवून साध्या गेजवर घेतलेलं कॉम्प्रेशनही फसवं असतं. आकडा कमी येतो आणि चांगलं इंजिन खोललं जातं. लीक-डाउन तपासणी करावी: पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, सिलिंडरमध्ये मोजून हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. कार्ब्युरेटरमधून आवाज आला तर इनटेक, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून आला तर रिंगा, हेडच्या कडेने बुडबुडे आले तर गॅस्केट. क्रँक घट्ट धरून ठेवावा, हवेच्या दाबाने तो फिरतो आणि बोटं जातात.

हेड निघालंच आहे तर जाड काचेवर सँडपेपर ठेवून त्यावर आठच्या आकड्यात फिरवून पाहावं. खोलगट भाग न घासलेला राहतो आणि वाकडेपणा डोळ्यांना दिसतो. ०.००३ इंचापेक्षा जास्त वाक असेल तर सपाट होईपर्यंत घासावं किंवा हेड बदलावं. गॅस्केट नेहमी नवं. बोल्ट ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत कसावेत. के-२४१ ते के-३२१ साठी शेवटचा टॉर्क २५ ते ३० फूट-पाउंड, म्हणजे ३४ ते ४१ न्यूटन-मीटर; के-१८१ ला १५ ते २० फूट-पाउंड. मनगटाच्या अंदाजावर हेड कसणाऱ्यांशी माझं जमत नाही.

काही के-सिरीज इंजिनांत कंपन कमी करायला क्रँकबरोबर फिरणारे बॅलन्स गिअर असत. त्यांच्या बेअरिंगा झिजल्या की गिअर सुटून ब्लॉक फोडतो. इंजिन खोललं असेल तर अनेक मिस्त्री ते काढूनच टाकतात. मीही काढावेत याच मताचा आहे. थोडं जास्त थरथरणारं इंजिन फुटलेल्या ब्लॉकपेक्षा बरं.

कार्ब्युरेटर आणि गव्हर्नर

इंजिन वर-खाली होत चालतं, वेग चढतो, पडतो, पुन्हा चढतो. पहिला संशय आयडल जेटच्या बुजलेल्या वाटेवर घ्यावा. जुनं पेट्रोल वाळून जो पिवळा चिकट थर होतो तो तिथेच बसतो. पूर्ण खोलून, रबरी भाग बाजूला काढून, द्रावणात भिजवून हवा मारावी. तार खुपसू नये, भोक मोठं झालं की ते परत लहान करता येत नाही. उलट्या धरलेल्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटचं मोकळं टोक आणि कास्टिंगची घासलेली कड यांत ११/६४ इंच, साधारण साडेचार मिलिमीटर अंतर असावं. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहावा, आत पेट्रोल खळखळलं तर तो गेला.

जुळवणीचे दोन स्क्रू. दोन्ही अलगद टेकेपर्यंत आत घ्यावेत. जोर लावला तर सुईच्या टोकावर कायमचा वळसा पडतो आणि मग कुठलीच जुळवणी टिकत नाही. सुरुवातीला मेन दोन फेरे बाहेर, आयडल सव्वा फेरा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, पूर्ण थ्रॉटलला मेन हळू आत घ्यायचा. वेग पडायला लागला ती पातळ मिश्रणाची हद्द. मग बाहेर घ्यायचा. पुन्हा वेग पडला ती दाट मिश्रणाची. मधे, दाट बाजूला किंचित झुकवून ठेवायचा. पातळ मिश्रण इंजिनाला तापवतं, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ती चूक महाग पडते.

सगळं साफ करूनही वेग खालीवर होत असेल तर थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून पाहावा. तो भोकात डुलत असेल तर तिथून फुकटची हवा आत जाते. नवा कार्ब्युरेटर घेण्याआधी भोक मोठं करून त्यात पितळी बुश बसवता येते.

गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा. त्याची स्प्रिंग ताणून किंवा आर्म वाकवून वेग 'सुधारलेले' ट्रॅक्टर खूप दिसतात. मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या वर हा अॅल्युमिनियमचा रॉड चालवू नये, आणि टॅकोमीटर लावल्याशिवाय कानाने हे ठरत नाही. जुळवणी सोपी आहे: आर्मचा नट सैल करायचा, आर्म कार्ब्युरेटरपासून दूर पूर्ण ओढायचा, पकडीने गव्हर्नरचा दांडा घड्याळाच्या उलट दिशेने थांबेपर्यंत फिरवायचा आणि त्याच स्थितीत नट कसायचा. आधी हे, मग स्प्रिंगचा विचार.

ताकद चाकापर्यंत

जुन्या गिअरच्या कब कॅडेटमध्ये पट्टा नाही. इंजिनापासून मागच्या पेटीपर्यंत सरळ लोखंडी शाफ्ट, मधे क्लच. फ्लायव्हीलच्या बाजूने तीन पिनांचा ड्रायव्हर, त्यावर घर्षणाची एक चकती, दोन प्लेटांमध्ये जाड स्प्रिंगने दाबलेली. हे सगळं शाफ्टला आडव्या पिनांनी बांधलेलं. 'क्लच घसरतो' किंवा 'धक्का देतो' म्हणून चकती बदलली जाते, पण पिनांची भोकं लंबगोल झालेली असतात किंवा शाफ्टच्या पुढच्या टोकाची बुश संपलेली असते. शाफ्ट डुलतो आणि नव्या चकतीची भोकंही खाऊन टाकतो. जुन्या शाफ्टवर नव्या पिना ठोकण्यात अर्थ नाही. भोकं बिघडली असतील तर शाफ्ट नवाच. सुटा करताना ती स्प्रिंग दाबून धरूनच पिना काढाव्यात, तिच्यात हात मोडण्याइतका जोर असतो. जुळवताना रिलीज लिव्हर आणि थ्रोआउट बेअरिंग (क्लच सोडवताना दाबलं जाणारं बेअरिंग) यांत ०.०५० इंच मोकळीक हवी. ती नसेल तर बेअरिंग सतत फिरत राहतं आणि लवकर जातं. जुन्या क्लच आणि ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता धरून चालावं: धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

व्हील हॉर्सचं खास दुखणं म्हणजे मागच्या चाकांचे हब. अर्धचंद्राकृती चावी आणि चौकोनी डोक्याचा सेट स्क्रू यांवर ते बसतात. सेट स्क्रू सैल झाला की हब प्रत्येक वेळी पुढे-मागे करताना किंचित हलतो, चावी खोबण खात जाते, आणि शेवटी अॅक्सलची खोबणच फाटते. नवी चावी घालून हे भागत नाही, कारण बाजू सरळ राहिलेल्या नसतात. तेवढ्यावर आलं तर लेथकडे जावं लागतं. गंजलेला हब काढताना घाई नडते. बिडाचा हब पुलरच्या जबड्यात तडकतो. भेदक ऑइल सोडून, पुलर ताणून, रात्रभर तसाच ठेवावा, मधूनमधून हलका ठोका द्यावा, गरज पडली तर हब तापवावा.

गिअरपेटीतलं ऑइल दुधाळ किंवा राखाडी निघालं तर पाणी शिरलंय. पाणी आलं कुठून? बहुधा गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरी बुटातून, उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरवर पाऊस पडून. ऑइल बदललं आणि बूट तसाच राहिला तर काम वाया. व्हील हॉर्सच्या बऱ्याच पेट्यांना एसएई ९० गिअर ऑइल चालतं, जुन्या गिअरच्या कब कॅडेटला इंटरनॅशनल हार्वेस्टरचं हायट्रान नावाचं ऑइल, साधारण सात पाइंट. एकाचं दुसऱ्यात ओतू नये.

जॉन डिअर ११० च्या पुढच्या आवृत्त्यांत वेग बदलायला व्हेरिएटर पुली आहे. तिची अडचण जवळजवळ नेहमी एकच: वाळून घट्ट झालेलं ग्रीस. साफ करून मोजकंच नवं लावावं, पट्ट्यावर जाऊ न देता. पट्टे मात्र लॉन-गार्डनच्या यंत्रांसाठी बनवलेलेच घ्यावेत. मोटारीचा पट्टा मापाने बसतो, पण क्लचसारखं घसरत-धरत चालणं त्याला झेपत नाही.

स्टिअरिंगमधला ढिलेपणा एका जागी नसतो. चाक हलवायला एक माणूस, पाहायला दुसरा, असं करून गिअरपासून टायरॉडच्या टोकापर्यंत एकेक सांधा पाहावा; निम्मी मोकळीक पुढच्या स्पिंडलच्या बुशांत आणि अॅक्सलच्या मधल्या पिनेत सापडते. ग्रीस निपल रंगाने बुजलेले असतात, ते आधी उघडावेत. मागच्या टायरांत पूर्वी वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरत. व्हॉल्व्हभोवती गंज दिसला तर टायर उतरवून रिम आतून पाहायलाच हवं.

वायर, आणि शेवटी रंग

वीज कमी पडते तेव्हा निम्म्या वेळा अर्थ, म्हणजे फ्रेममधून करंट परत नेणारी जोडणी, खराब असतो. बॅटरीपासून फ्रेम, फ्रेमपासून इंजिन, दोन्ही टोकं चकचकीत होईपर्यंत घासून मगच पुढची तपासणी. अनेक ट्रॅक्टरांत पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर एकाच खोक्यात असतो. सुरू करताना तो चिरकत असेल तर पट्टा सैल आहे. रेग्युलेटर किंवा जनरेटर सोडून परत जोडला असेल तर डेल्को कंपनीच्या नेहमीच्या जोडणीत रेग्युलेटरच्या 'बॅट' आणि 'जेन' या टोकांना वायर क्षणभर टेकवून ध्रुवता द्यावी लागते. ती न दिल्यास चार्जिंग होत नाही आणि रेग्युलेटरचे संपर्क जळतात.

रंग सगळ्यात शेवटी. फक्त रंगलेला आणि आत न उघडलेला ट्रॅक्टर पाहिला की मला हळहळ वाटते, कारण पुढच्या माणसाला तो रंग पुन्हा फोडावा लागणार. जुन्या थरांत शिसं असू शकतं, ते कोरडं घासू नये. सिलिंडरच्या पंखांवर रंगाचे जाड थर नकोत, आणि अर्थच्या जागा झाकून ठेवाव्यात.

सगळं जोडून झाल्यावर पहिले काही तास हलकं काम द्यावं. नव्या रिंगांवर पाच तासांनी पहिलं ऑइल काढून त्यात चमकणारे कण पाहावेत. इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झालं की हेडचे बोल्ट त्याच क्रमाने पुन्हा टॉर्कवर आणावेत. हबचे सेट स्क्रू, क्लचची मोकळीक आणि पट्ट्याचा ताणही त्याच दिवशी तपासावा, कारण नवे भाग पहिल्याच तासांत बसतात आणि तिथली मोकळीक तेव्हाच बदलते.